भित्रे हिरेमठ सर

हिरेमठ सर पहिल्यांदा वर्गात आले ते वर बघत आले. छताला काय चिकटलंय म्हणून आम्हीही माना वर केल्या. पंखा होता, आणि तो रोजच्यासारखा डुगडुगत फिरत होता. सर दारातच थांबले आणि म्हणाले, "मधली दोन बाकं रिकामी करा री. भिंतीकडे सरका सगळे."

मुलं हसत सरकली. ते वर्षभर आम्ही मधे रिकामी जागा ठेवून दोन्ही भिंतींना चिकटून बसलो. पंखा काही पडला नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला इकॉलॉजी हा नवा पेपर आला होता आणि आमच्या कॉलेजात तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. पुस्तक एकच, तेही इंग्रजी, आणि फील्डवर जायचं म्हणजे सोलापूरच्या उन्हात करपायचं. हिरेमठ सरांना कुणाला नाही म्हणता येत नसे, म्हणून तो पेपर त्यांच्याकडे आला. सर अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, कॉलेजात मराठी, आणि दोन्हींच्या मधलं कुठलंतरी त्यांचं स्वतःचं बोलणं. चाळिशीचे, किडकिडीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शर्टाखाली गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीचा उंचवटा दिसायचा. घाबरले की सरांचा हात त्या उंचवट्यावर जाई, आणि तो दिवसातून पुष्कळदा जाई.

ते कशाला घाबरत नसत हे सांगणं सोपं. अ‍ॅसिडची बाटली ते दोन हातांनी, अंगापासून लांब धरून आणत. पाणी प्यायच्या आधी पेला उजेडाकडे करून बघत. प्रयोगशाळेतलं कपाट उघडताना आधी दार वाजवत. आत पाल असली तर तिला जायला वेळ मिळावा म्हणून. शिपाई एकदा म्हणाला, "सर, कपाटात कोण राहतंय का?" सर गंभीरपणे म्हणाले, "तेच तर ठाऊक नाही की."

मी बार्शीहून शिकायला आलेली, मावशीकडे राहायची. वर्गात आम्ही मुली तिघीच. मी जात्याच घाबरट होते, त्यामुळे इतर मुलं सरांना हसायची तेव्हा मला हसू यायचं नाही. उलट सर वर बघायला लागले की माझीही मान वर जायची. त्यांची भीती मला लागायची, जशी एखाद्याची जांभई दुसऱ्याला लागते.

पण शिकवत सुरेख. पहिल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एका ओळीत दहा गोल काढले. म्हणाले, "कुठल्याही जिवाला जगायला समजा दहा गोष्टी लागतात. पाणी, ऊन, मीठ, हवा, जागा, काय काय. नऊ भरपूर आहेत. दहावी कमी पडली. तो नऊ गोष्टींवर जगतो का? नाही री. तो दहावीपायी मरतो. आता बाहेर बघा." बाहेर मैदानावर टँकरपुढे बायकांची रांग लागली होती. सरांनी एकच गोल पुसला आणि खडू खाली ठेवला. मला तो विषय त्या दिवशी कळला.

फील्डला जाताना त्यांचे नियम असत. पायात बूट हवेतच, नसले तर घरी परत. हातात काठी. दगड उचलायचा तो पलीकडची कड धरून आपल्याकडे, म्हणजे खाली फुरसं असेल तर त्याला समोर पळायला वाट राहते. एस.टी.तून उतरलो की ते आम्हाला मोजत आणि तासातासाला पुन्हा मोजत, तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये. ओंद, एरड, मूर, नाक. तेवीसपर्यंत पोचले की श्वास सोडत. शिवाय दिवसाढवळ्या एक कंदील बरोबर असे. विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा असला की आधी तो कंदील पेटवून दोराने विहिरीत सोडायचा, खालपर्यंत जळत राहिला तरच काठाला जायचं. वापरात नसलेल्या विहिरीत जड वायू साचतो, तो दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि त्यात माणूस दोन श्वासांत पडतो, असं ते सांगत. चार विहिरी झाल्या, कंदील चारही वेळा छान जळत वर आला. मुलं त्याला ओवाळायला लागली.

मारुती कदम आमच्या वर्गातला सगळ्यांत दंगेखोर मुलगा. टेंभुर्णीजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा, अंगाने दणकट, पोहण्यात पटाईत. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून त्याने रबरी साप आणला आणि पुढच्या फील्डला माळावर गवत मोजायच्या लाकडी चौकटीत तो पवन्या गवताच्या ठोंबाखाली ठेवला. सर खाली वाकले. त्यांच्या तोंडून आवाजच फुटला नाही. ते मागच्या मागे बसले, चष्मा दगडावर पडून एक काच तडकली, आणि मग बाजूला जाऊन ते ओकले. मुलं पोट धरून हसत होती, ती हळूहळू थांबली.

सर तोंड पुसून आले. मारुतीनं स्वतःच कबूल केलं, "सर, चुकलं. म्या ठेवला."

"बरं," सर म्हणाले. "आता त्या चौकटीत गवताचे ठोंब किती ते मोजा." तडकलेला चष्मा त्यांनी तसाच डोळ्यांवर चढवला. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मारुती, पुढच्या वेळी तुम्हीही खाली हात घालण्याआधी बघा. रबराचा तुम्ही ठेवला. दुसरा कुणी ठेवला असेल तो तुम्हाला ठाऊक नाही."

त्या दिवसापासून भित्रे सर हे नाव पक्कं झालं.

मार्चमध्ये परीक्षेआधीचं शेवटचं फील्ड होतं. बार्शी रस्त्याला फाट्यावर उतरून दीड मैल चालत एका मळ्यात गेलो. उन्हानं पायाखालची माती भाजत होती. मळ्यात एक जुनी विहीर होती, तीन वर्षं उपसा नसलेली. तळाला हिरवट पाणी, त्यात बाभळीचा पाला कुजलेला. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांच्या पायऱ्या खालपर्यंत गेल्या होत्या. सरांना या पाण्यातले सूक्ष्म जीव हवे होते. दुष्काळात शेवटच्या पाण्यात कोण उरतं ते बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक रेशमी जाळी शिवून घेतली होती, नरसाळ्यासारखी, टोकाला काचेची बाटली. पूर्ण कॉलेजात ती एकच.

एस.टी.त त्या दिवशी फार गर्दी होती. उतरल्यावर सरांनी पिशवी उघडली तर कंदिलाची काच फुटलेली, तेल सगळं सांडलेलं. त्यांचा चेहरा उतरला. विहिरीशी पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं.

"आज कंदील नाही. कुणीही एकसुद्धा पायरी उतरायची नाही. जाळी वरूनच सोडायची. कळलं की नाही?"

जाळी सोडायची पाळी माझी होती. सर पलीकडे झाडाखाली बाकीच्यांना मातीचं तापमान घ्यायला लावत होते. मी दोर सोडला, जाळी पाण्याला टेकली, वर ओढायला लागले तर खालच्या एका पायरीच्या दगडाला अडकली. मी झटका दिला. दोराची गाठ सुटली आणि दोर मोकळाच वर आला. जाळी खाली लोंबत राहिली.

मला रडू फुटलं. सरांना आता काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. मारुती आणि त्याचा खोलीतला जोडीदार अंबादास यन्नम शेजारीच होते. अंबादास हातमागावर विणणाऱ्या घरातला, शांत मुलगा. दोघांची जोडी कधी सुटायची नाही.

"रडतीस कशाला?" मारुती म्हणाला. "आमी विहिरीतच ल्हानाचं मोठं झालोय. ही बघ आनतो."

"सर नको म्हणालेत," अंबादास म्हणाला.

"सर कपाटाला बी भित्यात."

मी त्याला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही. मला जाळी हवी होती.

मारुती सराईतासारखा भराभरा उतरला. अर्ध्यावर त्याचा आवाज आला, "लई गार हाय हितं." मग अजून चार पायऱ्या. तो जाळीपर्यंत पोचला, हात पुढे केला आणि एकदम पायरीवर बसला. मला वाटलं, दमला. त्यानं डोकं भिंतीला टेकवलं. मग त्याचा हात दगडावरून सुटून खाली लोंबला.

"मारुती," अंबादासनं हाक मारली. पुन्हा मारली. मग तो उतरायला लागला.

मी किंचाळले असेन. मला आठवतं ते हे की सर झाडाखालून धावत आले, एका बुटातून पाय निघालेला, आणि त्यांनी दुसऱ्या पायरीवर असलेल्या अंबादासची कॉलर मागून धरली. अंबादास त्यांच्या दुप्पट. त्यानं हिसका दिला, शर्ट टरकला. सरांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघं काठावर आडवे झाले.

"ब्याड, ब्याड," सर ओरडत होते. नको, नको. मराठी त्यांना सुचतच नव्हती.

"सोडा मला. तो मरतोय."

"मरतोय. तू गेलास तर दोघं मराल. बस. बस इथं."

अंबादासनं त्यांना कोपर मारलं. नाकातून रक्त आलं. पण सरांनी सोडलं नाही. बाकीच्या मुलांना ओरडून त्यांनी त्याला धरायला लावलं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून मळ्याचे मालक तात्या आणि दोन गडी आले. तात्यांनी खाली पाहिलं आणि पटका काढून कमरेला बांधायला लागले.

"सरका मास्तर. माझीच हीर हाय. शंबर डाव उतरलोय मी."

सर विहिरीच्या पहिल्या पायरीवर पाय फाकून उभे राहिले. त्यांनी एक धोंडा उचलला. त्यांचे दात वाजत होते, पँट पुढून ओली झालेली मी पाहिली. "जो उतरेल त्याच्या डोक्यात घालीन," ते म्हणाले. "खरंच घालीन री."

एक गडी म्हणाला, "मास्तर येडा झालाय. पोरगं मरू द्यायला निगालाय."

"पेटवा काहीतरी," सर म्हणाले. "काठ्या पेटवा आणि तारेनं खाली सोडा. विझलं नाही तर मी बाजूला होतो. लवकर."

तुरीच्या काठ्यांची जुडी पेटवून तारेला बांधली. ती धडधडून जळत होती. खाली, खाली, अर्ध्यावर गेली, आणि तिथं कुणी चिमटीत धरून विझवावी तशी विझली. नुसती तीच विझली नाही. तिचा धूर वर आला नाही. तो तिथेच आडवा पसरला, विहिरीला झाकण घातल्यासारखा. मारुतीचं डोकं त्या धुराच्या खाली चार हातांवर होतं.

 तात्यांनी कमरेचा पटका सोडला.

मग सर जे बोलत गेले ते सगळ्यांनी केलं. कडुलिंबाच्या मोठ्या फांद्या तोडून दोराला बांधल्या, आणि सहा जण त्या विहिरीत वरखाली हापसत राहिले, खालची हवा ढवळून निघावी म्हणून. गुरांसाठी गाडीवर आणलेलं पाण्याचं पिंप होतं. त्या वर्षात ते पाणी म्हणजे काय होतं हे सांगून कळायचं नाही. तात्यांच्या बायकोनं विचारलंही नाही, तिनंच पहिली घागर विहिरीत ओतली. पाणी पडताना बरोबर हवा घेऊन जातं, असं सर ओरडून सांगत होते. मी घागरी उचलून देत होते. अंबादासला चौघांनी धरून ठेवलं होतं आणि तो ओरडत होता, "तुमच्यामुळं मरतोय तो. तुमच्यामुळं." सर ते ऐकत होते आणि फांदी हापसत होते.

दुसरी जुडी सोडली. ती मारुतीच्या खांद्यापर्यंत जळत गेली, मिणमिणली, पण विझली नाही.

"मी जातो," तात्या म्हणाले.

"तुम्ही जड आहात. मी हलका. ओढायला सोपा." सरांनी कमरेला दोर बांधून घेतला, दुसरा दोर हातात. मग आम्हा सगळ्यांकडे वळले. "मी मोठ्यानं आकडे म्हणत राहीन. आकडे थांबले की ओढा. मी काही म्हणालो, शिव्या दिल्या, तरी ओढा. खाली कुणी यायचं नाही."

ज्या माणसाला पंख्याखाली बसवत नव्हतं तो विहिरीत उतरला. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले, पायानं पायरी चाचपत. वर आवाज येत राहिला. ओंद. एरड. मूर. नाक.  मी आजवर तसं काही ऐकलं नाही. सतराला ते मारुतीपाशी पोचले. दोर त्याच्या काखेतून घालताना आकडे घोगरे झाले. बावीस झाले. मग पुन्हा एकोणीस ऐकू आलं. मग पुन्हा एकोणीस.

"ओढा," मीच ओरडले.

आधी मारुती वर आला. सरांचा आवाज तेवढ्यात बंद झाला. त्यांना खेचून वर आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळे होते, पण काठावर टाकल्या टाकल्या ते खोकले आणि रांगत मारुतीकडे गेले. एन.सी.सी.त शिकवलेलं एका मुलाला येत होतं. त्यानं मारुतीला पालथा घालून पाठ दाबली, किती वेळ कोण जाणे. शेवटी मारुतीच्या नाकातून घरघर आली. बैलगाडीतून फाट्यापर्यंत, तिथून मालाच्या ट्रकमधून त्याला दवाखान्यात नेलं. ट्रकच्या मागच्या फळीवर सर बसले होते आणि मारुतीच्या तोंडापुढे हाताचा पंजा धरून होते, श्वास लागतोय का बघत. मधेच त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि बाकीचे मोजले.

मारुती वाचला. पण पहिल्यासारखा झाला नाही. तो शुद्धीवर यायलाच दोन दिवस लागले. नंतर त्याला शब्द आठवेनात. बोलता बोलता थांबायचा, आणि शब्द सापडेपर्यंत चेहरा वेडावाकडा व्हायचा. उजवा हात नीट चालेना. त्याचे वडील येऊन त्याला गावी घेऊन गेले. परीक्षा आम्ही बाकीच्यांनीच दिली.

कॉलेजात चौकशी झाली. उजव्या हातावर दोराचे वळ असलेले सर प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले मी पाहिले. मला आत बोलावतील म्हणून मी तीन रात्री झोपले नव्हते. मला बोलावलंच नाही. कार्यालयातल्या कारकुनाकडून कळलं की सरांनी लेखी जबाब दिला होता: "जाळी माझ्या हातून अडकली, विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवण्यात मी कमी पडलो." फील्ड कायमचं बंद झालं. सरांना ताकीद मिळाली आणि दोन वर्षांची वेतनवाढ थांबली. अंबादास त्यांच्या तासाला बसेना. कॉरिडॉरमध्ये समोर आले तर तो वळून जायचा.

निकाल लागल्यावर धीर करून मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीनं, कमलाक्कांनी उघडलं. त्यांनी मला आत बसवलं आणि चहा ठेवला. सर आतून आले. खूप वाळले होते. मी म्हणाले, "सर, जाळी माझ्या हातून गेली होती. तुम्ही खोटं का लिहिलंत?"

"खोटं कुठं? जाळी माझी, दोराला गाठ मी मारली होती. ती सुटली." मग म्हणाले, "तुम्ही वीस वर्षांच्या आहात. तुमच्या नावानं तो कागद कशाला राहायला पाहिजे?"

मला रडू आवरेना. कमलाक्का चहा ठेवून निमूट आत गेल्या. डोळे पुसून मी विचारलं, कारण वर्गात सगळे तेच बोलत होते. "सर, तुमच्या घरातलं कुणी विहिरीत गेलं होतं का? लहानपणी काही पाहिलं होतंत का? तुम्हाला इतकं पक्कं कसं ठाऊक होतं?"

सर कसनुसं हसले. "नाही री. मी काही पाहिलेलं नाही. पुस्तकात वाचलं होतं. दोन ओळी होत्या."

"दोनच?"

"दोनच. खऱ्या की खोट्या कधी पाहिलं नव्हतं. कंदील तर चारही वेळा जळतच वर आला की. अंबादासला धरला तेव्हा माझ्या मनात काय होतं सांगू? त्या ओळी खोट्या निघाल्या तर? खाली पोरगं नुसतं भोवळ येऊन पडलं असेल आणि मी भित्रा म्हणून त्याला मरू देत असेन तर?" त्यांचा हात शर्टावरच्या उंचवट्याकडे गेला. "काठ्या विझल्या तेव्हा मला बरं वाटलं. त्याचं डोकं त्या धुराखाली होतं, आणि मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

मी हातातला कप खाली ठेवला. 

"चार मिनिटं कमी लागली असती," ते म्हणाले. "पाणी आधी ओतायला हवं होतं, फांद्या नंतर. मी उलटं केलं. डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. मी रोज मोजतो."

निघताना ते दारापर्यंत आले. "अंबादासला काही बोलू नका," म्हणाले. "त्याचा राग राहू द्या. तो जिवंत आहे म्हणून रागावतोय."

पुढं मी बार्शीला शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं. सरांची बातमी अधूनमधून कानावर येई. इकॉलॉजी ते अजून शिकवतात, पण फळ्यावरच. अंबादास तिसऱ्या वर्षाला पुन्हा त्यांच्या तासाला बसायला लागला, बोलला मात्र नाही. मारुतीची चौकशी मी कधी केली नाही. त्याच्या गावचं कुणी भेटलं तर मी विषय बदलायची. लोक सरांना भित्रे म्हणत. माझ्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर सहाएक वर्षांनी, मे महिन्यात, मी बार्शीहून पुण्याला निघाले होते. मांडीवर दीड वर्षांची मुलगी होती. टेंभुर्णीला गाडी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. खिडकीतून मी सहज पलीकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे रसवंतीच्या मांडवाखाली बाकावर हिरेमठ सर बसले होते. केस पांढरे झालेले. त्यांच्या शेजारी मारुती होता. अंगानं सुटलेला, डोक्याला पांढरी टोपी, उजवा हात मांडीवर ठेवलेला.

टेंभुर्णीलाच चढलेल्या शेजारच्या बाईला मी विचारलं, "ते गृहस्थ इथलेच का हो?"

"कोन, मास्तर? न्हाय. सोलापूरचं हायती. म्हैन्याच्या म्हैन्याला येत्यात कदमाच्या पोराला भेटायला. कोन लागत्यात त्याचं ठावं न्हाय."

मी उठले. मुलीला कडेवर घेतलं, पायरीपर्यंत गेले. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागली असती. ड्रायव्हर चहा पीत होता, वेळ होता. पण मारुतीनं मला ओळखलं तर तो काय म्हणेल, आणि ओळखलं नाही तर, या दोन्ही भीतींनी मी पायरी उतरलेच नाही. कंडक्टर आला, म्हणाला, "बाई, बसा आत," आणि मी जागेवर येऊन बसले.

गाडी सुरू झाली तेव्हा मारुती काहीतरी सांगत होता. डावा हात हवेत धरून, मान वाकडी करून, अडलेला शब्द शोधत होता. सरांच्या हातात रसाचा पेला होता, तो त्यांनी बाकावर ठेवला. ते शब्द सुचवत नव्हते, घाई करत नव्हते. मारुतीच्या तोंडाकडे बघत नुसते थांबले होते. गाडी वळणावर गेली तोवर मी मागं वळून बघत होते. मारुतीचं वाक्य अजून पुरं झालं नव्हतं.